काजळीचं आंबोण

पूर्णिमाला दिवस गेलेत हे तिच्या आधी तिच्या सासूला कळलं. विमलाबाईच्या गोठ्यात अकरा म्हशी होत्या. कोणती कधी माजावर आली, कोणती फळली आणि कोणती नुसती हुलकावणी देतेय, हे दावणीवरून एकदा नजर फिरवली की तिला समजे. सून तर घरातच होती. परसातल्या दोरीवर जे कापड दिसायला हवं होतं ते पाच दिवस वर झाले तरी दिसेना, तेव्हा विमलाबाईने शेणाचं घमेलं खाली ठेवलं आणि सुनेला गव्हाणीमागं ओढलं.

"किती दिस वर झाले?"

"पाच." पूर्णिमाचं तोंड लाल झालं. "पर आत्या, कधी कधी माझं मागंफुडं हुतं..."

"मागंफुडं काय न्हाई. श्यामला सांग आन् बास. चोरओटी भरंपत्तूर ही गोष्ट ह्या घराच्या भाईर जायाची न्हाई. आईला सुदिक फोन करू नकोस."

चोरओटी म्हणजे तिसऱ्या महिन्यात दार लोटून घरच्या घरी भरायची ओटी. तोवर गर्भ कच्चा, कुणाच्या नजरेला पडू द्यायचा नाही, ही चाल विमलाबाईच्या सासूपासून चालत आलेली. पहिल्या खेपेला मात्र विमलाबाईनेच ती मोडली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुनेला दिवस राहिले म्हणून ही बाई आनंदाने वेडी झाली. सरकारी दवाखान्यात सुनेचं नाव घातलं, गोळ्या आणल्या, आळीत पेढे वाटले. शेजारच्या दारातली चुलत जाऊ आनंदीबाई पेढा तोंडात टाकत म्हणाली, "पोट काय सुरेख दिसतंय गं पोरीचं!" दोन महिन्यांचं पोट कुणाला दिसतं? पण आनंदीबाईला जिभेवर साखर ठेवून बोलायची खोड. तिसऱ्या दिवशी पूर्णिमा न्हाणीत घसा फोडून ओरडली आणि सगळं संपलं. विमलाबाईने तेव्हापासून दोन गोष्टींची गाठ मारून ठेवली: आनंदीबाईची नजर आणि दवाखान्यातली उष्ण गोळी.

तो उन्हाळा वाईट होता. शहरालगतच्या त्यांच्या धायरीत तेव्हा जमिनीला माणसांपेक्षा जास्त भाव आला होता. विमलाबाई ज्या वीस गुंठ्यांत वाट्याने जनावरांसाठी लसूणघास लावायची, तिथे भाऊबंदांनी बिल्डरला जमीन दिली आणि फाल्गुनातच तिथे विहिरीएवढा खड्डा पडला. शेजारी आधीच सात मजल्यांची सोसायटी उभी होती. तिथली पोरंपोरी पहाटे हिंजवडीच्या गाडीत झोपलेलीच बसायची आणि रात्री झोपलेलीच उतरायची. त्यांना दूध ह्याच गोठ्यातलं लागे, पण शेणाचा वास चालत नसे. एकीने गच्चीवरून नाक दाबून विचारलं होतं, "मावशी, हे सगळं जरा लांब नाही का नेता येणार?" विमलाबाई म्हणाली, "नेते की. तुमची बिल्डिंग उचला, मागं जागा हाय."

तर घास गेला, कडबा डोळ्यांना दिसेना, आणि सासूसुनांना रोज कालव्याच्या कडेला गवत कापायला जावं लागे. विळे घेऊन साडेपाचला निघायचं, दहाच्या आत डोक्यावर भारे घेऊन परतायचं. ज्ञानदेव, म्हणजे विमलाबाईचा नवरा, धारा काढून सायकलवरून दूध घालायला जाई. श्याम एका कंपनीची गाडी चालवी, त्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची. म्हशींचं बाकी सगळं त्या दोघींच्या अंगावर होतं.

आता अडचण अशी की, पूर्णिमाने भारा उचलणं थांबवलं तर आनंदीबाईला संध्याकाळपर्यंत कळणार. आनंदीबाईची खाट बरोब्बर वाटेवर. म्हणून विमलाबाईने युक्ती काढली. सुनेचा भारा बांधताना ती गवत आडवंतिडवं, फुगवून लावायची, मध्ये पोकळी ठेवायची, वरून दोरी सैल घ्यायची. भारा दिसायला दांडगा, वजनाला निम्मा. उरलेलं निम्मं ती स्वतःच्या भाऱ्यात कोंबायची. पन्नाशी उलटलेल्या बाईची मान त्या ओझ्याखाली करकरे, चढाला गुडघे लटपटत.

"आत्या, द्या की माझ्यात थोडं," पूर्णिमा म्हणायची.

"चल गुमान. आन् जरा वाकून चाल. ओझं हाय डोक्यावर, इसरलीस काय?"

खाटेवरून आनंदीबाई म्हणे, "सून बाकी गुणाची मिळाली हो जाऊबाई. भारा बघा केवढा!"

"व्हय. तुमचीच नजर चांगली," विमलाबाई म्हणे, आणि घरात जाऊन मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाके.

त्याच आठवड्यात नर्स आली. उल्का तिचं नाव. बारीक चणीची, पांढऱ्या साडीवर खाकी पिशवी, घरोघर फिरून टाचा भेगाळलेल्या. वहीत रेघोट्या मारत ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. आनंदीबाई लगेच खाट सोडून मागोमाग आली.

"काकू, घरात कुणाची पाळी चुकलीय का? नवीन कुणी गरोदर?"

विमलाबाई काजळीला आंबोण घालत होती. आंबोण म्हणजे पेंड, चुणी, कोंडा रात्रभर भिजवून केलेला चारा. काजळी तिची लाडकी म्हैस, आठवा महिना चालू. तिच्या आंबोणात रोज मूठभर गूळ आणि ढोरांच्या डॉक्टरने दिलेली हाडांच्या ताकदीची पावडर पडायची. ती पावडर एक दिवस चुकली तर विमलाबाई नवऱ्याला जेवण देत नसे.

"आमच्यात कोण गरोदर?" ती मान वर न करता म्हणाली. "ही काजळी तेवढी गाभण हाय. लिवा तिचं नाव."

आनंदीबाई खदखदून हसली. उल्काही हसली. गव्हाणीपलीकडे खराटा घेऊन उभी असलेली पूर्णिमा हसली नाही.

हसणं संपल्यावर उल्काने पिशवीतून एक पुडकं काढलं. आत बारीक पिवळ्या गोळ्यांची पाकिटं होती. "काकू, मागच्या खेपेला तुमच्या सुनेचं पोट पडलंय, म्हणून मुद्दाम आणल्यात. दिवस राहायच्या आधीपासून घ्यायच्या असतात ह्या. रोज एक, आजपासून. बाळाचा मेंदू, पाठीचा कणा पहिल्याच महिन्यात तयार होतो, आईला पत्ता लागायच्या आत. तेव्हा ह्या अंगात असाव्या लागतात. दिवस राहोत न राहोत, गोळी चालू ठेवा."

"ठेवा तिथं," विमलाबाई म्हणाली.

उल्काने पुडकं कोनाड्यात ठेवलं, वहीत 'दिल्या' असं लिहिलं आणि ती पुढच्या दारी गेली.

दुपारभर ते पुडकं कोनाड्यात होतं आणि विमलाबाई त्याच्याकडे न बघता त्याच्याभोवती फिरत होती. मागच्या खेपेला गोळी पोटात गेली आणि पोर गेलं. ही पिवळी गोळी काय वेगळी असणार? शिवाय पाकिटाचा चकचकीत कागद उकिरड्यावर दिसला तर आनंदीबाई उचलून वाचायला कमी करणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण औषध फेकून देणंही तिच्या जिवावर आलं. जन्मात तिने भाकरीचा तुकडा उकिरड्यावर टाकला नव्हता. शेवटी चार वाजता तिने सगळ्या गोळ्या बत्त्याखाली घेतल्या, पीठ केलं आणि काजळीच्या आंबोणात कालवलं. मुक्या जिवाला तरी लागू दे. तीन दिवसांत पुडकं संपलं, कागद चुलीत गेले.

आपण काही वाईट करतोय असं तिला त्या तीन दिवसांत एकदाही वाटलं नाही. उलट सुनेवरचं एक संकट टाळलं म्हणून तिला रोज रात्री गाढ झोप लागली.

वैशाखात चोरओटी भरली. दार लोटून, खणानारळाने, तोंडातून शब्द न काढता. सासू कुंकू लावताना रडली. सून तिच्या पाया पडायला वाकली तर तिने तिला अर्ध्यात धरलं. "आता वाकायचं न्हाई. आता समद्यांना सांगू." दुसऱ्या दिवसापासून पूर्णिमाच्या डोक्यावरचा भारा उतरला आणि सगळं गवत सासूच्या मानेवर आलं.

उल्काने नाव नोंदवताना बोटं मोजली. मग पेन थांबवून विमलाबाईकडे पाहिलं. "म्हणजे मी आले होते तेव्हा दिवस होते, काकू."

"आमाला कुठं ठाव?" विमलाबाई म्हणाली. "बाईमाणसाचं मागंफुडं हुतं."

"गोळ्या घेतल्या ना पण?"

"घेतल्या की."

हे खोटं तिच्या तोंडातून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच लक्षात आलं नाही.

ज्येष्ठात काजळी व्याली. रेडी झाली, काळीभोर, अर्ध्या तासात धडपडत चार पायांवर उभी राहिली. विमलाबाईने खरवस आळीभर वाटला, आनंदीबाईलासुद्धा. उल्का दर महिन्याला येत होती आणि आता लाल गोळ्या देत होती, त्या पूर्णिमा घेत होती. पोटातल्या बाळाचा फोटो काढून घ्या, पाचव्यात काढायचा असतो, असं ती दोनदा सांगून गेली. विमलाबाईने दोनदा चालढकल केली. जन्माच्या आधी लेकरावर उजेड टाकायचा, हे तिच्या मनाला पटेना. तिसऱ्यांदा श्यामच चिडला आणि बायकोला गाडीत घालून घेऊन गेला. तेव्हा आठवा लागला होता. फोटो काढणारा डॉक्टर बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिला. मग त्याने श्यामला बाहेर बोलावलं.

मार्गशीर्षात मुलगी झाली. पाठीवर, कमरेच्या वर, पातळ कातडीची लिंबाएवढी गाठ होती. आतलं पाणी दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलात तिची पाठ शिवली. पुढच्या महिन्यात डोकं वाढायला लागलं म्हणून डोक्यातून पोटात नळी घातली. एवढंसं लेकरू, त्याला दोनदा फाडलं. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. डॉक्टरने तळव्याला सुई टोचून दाखवली. तिने पाय ओढला नाही, रडलीही नाही, डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीकडे बघून हसली. विमलाबाई तिथून उठली आणि जिन्यात जाऊन बसली. तिला पहिल्यांदा सुई लागली ती तिथे.

पाठीचा कणा मिटलाच नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिल्याच महिन्यात. आईला पत्ता लागायच्या आत. हे शब्द तिने आधी ऐकले होते, आंबोणाच्या घमेल्यावर वाकून.

नाव ठेवलं सृष्टी. बारशाला आळीतल्या बायका आल्या, पाळण्यात डोकावून गप्प झाल्या, भरभर निघून गेल्या. राहिली ती आनंदीबाई. तिने पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि तासभर खाली ठेवलं नाही. विमलाबाईला त्या दिवशी मान वर करता आली नाही. जिच्या नजरेपासून लेकरू लपवलं, तीच डोळे भरून बघत होती, आणि कोणाला काही होत नव्हतं.

पोरगी वाढत होती. अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढे, तक्त्यावरची रेघ वर चढे. हात दणकट, आवाज खणखणीत, डोळे म्हशीच्या पारड्यासारखे मोठे. दीड वर्षाची झाली तेव्हा "दूद", "आजी", "काजई" म्हणायला लागली. कोपरांवर जोर देऊन ती शेणाने सारवलेल्या जमिनीवरून स्वतःला ओढत न्यायची. मागून दोन पाय ओल्या फडक्यासारखे येत. त्यांना जखमा होत आणि तिला कळत नसे, म्हणून पूर्णिमा दर संध्याकाळी दिव्याजवळ पाय धरून बोट न् बोट तपासायची. विमलाबाई त्या वेळी मुद्दाम गोठ्यात जायची. तिथे तिचं काही काम नसे.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मोठ्या हॉस्पिटलात तपासणीची तारीख होती. चौघं गेले: श्याम, पूर्णिमा, विमलाबाई आणि तिच्या कडेवर सृष्टी. डॉक्टरबाई तरुण होती, बोलायला साधी. पोरीची तपासणी झाल्यावर तिने कागद पुढे ओढला.

"दुसऱ्या बाळाचा काही विचार? असेल तर तीन महिने आधीपासून जास्त ताकदीची गोळी सुरू करायची. मागच्या वेळी सुरुवातीच्या गोळ्या घेतल्या होत्या का?"

विमलाबाईने पोरीला घट्ट धरलं. आता हे बाहेर येणार. तिने ओठ उघडले.

"घेतल्या होत्या," पूर्णिमा म्हणाली. "उल्का सिस्टरनी आधीच आणून दिलेल्या. समद्या घेतल्या."

डॉक्टरबाईने लिहिलं. "घेऊनही झालं का... हं. तसं होतं काही वेळा. गोळीने धोका बराच कमी होतो, पण शंभर टक्के कधीच नाही. पुढच्या वेळी मोठा डोस देऊ, फोटो लवकर काढू. बहुतेक सगळं नीट होईल, पण खात्री मी देणार नाही."

श्यामने त्यातलं पहिलं आणि शेवटचंच ऐकलं. परतताना गाडी चालवत तो म्हणाला, "घेऊनही झालं म्हणजे फॉल्ट आपल्यातच आहे. रिस्क नको. ऑपरेशनच करून टाकू तुझं. पुढच्या सोमवारी माझी सुट्टी आहे."

"चालंल," पूर्णिमा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सुनेने आपल्याला झाकलं, हे मागच्या सीटवर विमलाबाईला दिसत होतं. पण त्या झाकण्यापायी सुनेची कूस कायमची बंद होणार होती. पूर्णिमा चोवीस वर्षांची. तिला पायावर उभं राहणारं लेकरू कधी होणार नाही, आणि ते का, तर सासूची अब्रू राहावी म्हणून. विमलाबाईला स्वतःलाही दुसरं नातवंड हवं होतं, इतकं हवं होतं की रात्री ती मनातल्या मनात त्याला तेल लावायची. खरं सांगितलं की श्याम ऑपरेशन करणार नाही. खरं सांगितलं की श्याम आपलं तोंडही बघणार नाही. सोमवारला पाच दिवस होते.

चार दिवस तिने शेण काढलं, गवत कापलं, धारा काढल्या आणि तोंड उघडलं नाही. म्हशीच्या सडाला हात लावला की बोटं थांबत. ज्ञानदेव म्हणाला, "तुला बरं न्हाई का?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीया?" रविवारी दुपारी श्याम गोठ्याच्या दारात गाडी धुवत होता, पूर्णिमा गव्हाणीत वैरण टाकत होती, पोरगी तिच्याजवळ पोत्यावर पालथी पडून काडीशी खेळत होती. विमलाबाई येऊन उभी राहिली. हातातला विळा तिने खाली ठेवला, का कुणास ठाऊक.

"श्याम. तिनं गोळ्या घेतल्या न्हाईत."

"कसल्या?"

"त्या पिवळ्या. उल्कानं दिलेल्या. मी दिल्याच न्हाईत तिला. उष्ण पडंल वाटलं, नजर लागंल वाटलं. मी त्या कुटल्या न् काजळीच्या आंबोणात घातल्या."

श्यामच्या हातातला पाण्याचा पाईप गाडीवरून खाली आला आणि त्याच्याच चपला भिजवू लागला.

"म्हशीला?" तो म्हणाला. "आई, म्हशीला?"

"व्हय."

"म्हशीला घातल्या." तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. त्याने नळ बंद केला. पोत्यावरच्या पोरीकडे पाहिलं, मग दावणीला बांधलेल्या दोन वर्षांच्या धडधाकट रेडीकडे पाहिलं. विमलाबाईला वाटलं, हा आता मारणार, आणि मारावं असं तिला मनापासून वाटलं. तो मारायला आला नाही.

"उद्याचं कॅन्सल," तो पूर्णिमाला म्हणाला. "हिला झाकायला तू खोटं बोललीस. फॉल्ट आपल्यात नाहीये. ऐकलंस ना? गोळ्या आणू, सगळं वेळेवर करू. ह्या बाईच्या हातचं पाणीसुद्धा तू प्यायचं नाहीस." आणि गाडीत बसून दार आपटून निघून गेला.

विमलाबाई तिथेच खाली बसली. छातीवरचा दीड वर्षाचा भारा उतरला होता. मोठ्या मनाची सून आपल्याला आज ना उद्या माफ करेल, असंही तिला वाटून गेलं. माणूस आशेला लाजत नाही.

पूर्णिमाने उरलेली वैरण टाकली. हात झटकले.

"कशापायी सांगितलंत?" ती म्हणाली.

"तुझ्यापायी गं. माझी लाज राखायला तू डॉक्टरपुढं खोटं बोललीस. माझ्यासाठी तुझी कूस..."

"तुमच्यासाठी न्हाई बोलले मी."

विमलाबाईने वर पाहिलं.

"मला तवाच ठावं हुतं," पूर्णिमा म्हणाली. "तुमी बत्त्यानं कुटत हुतासा, मी न्हाणीत पाणी भरत हुते. फटीतनं बघितलं. मी काय बोलले न्हाई, कारण मलाबी तेच बरं वाटलं. मागल्या खेपेला गोळी मीच गिळली हुती, आन् पोर गेलं. माझीच जीभ न्हाई उचलली, आत्या. तुमाला एकटीला कशाला शिव्या देऊ?"

"मग खोटं कशाला...?"

पूर्णिमा पोरीजवळ बसली. सृष्टीने काडी तिच्याकडे धरली, तिने घेतली, परत दिली. "दुसरं हुईल. चांगलं हुईल, दोन पायांवर पळंल. त्ये पळायला लागलं की ह्या घरातली समदी त्याच्यामागं पळतील. तुमी पेढे वाटशीला. श्याम त्याला गाडीत फुडं बसवंल. आन् ही हितं पोत्यावर पडून बघंल. हिचं पाय कोण तपासणार मग? मला दुसरं नको हाय. मला हिच्यापुरतंच ऱ्हायचं हाय. त्याला हे सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं नसतं. डॉक्टरच्या नावानं ऐकलं. झालं हुतं समदं जागच्या जागी." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुमाला कुणी सांगितलं हुतं खरं बोलायला? बोलायचं तवा बोलला न्हाईसा, आन् आता बोललासा."

कालव्यावरून आणलेलं गवत म्हशी कराकरा खात होत्या.

रात्री श्याम आला, जेवला नाही, ओट्यावर पाठ करून निजला. विमलाबाई त्याच्या पायाशी जाऊन बसली. तिने मनातल्या त्या दुसऱ्या नातवंडाला एकदा शेवटचं तेल लावलं, अंगडं घातलं आणि दूर ठेवलं.

"उद्या तिला ने," ती म्हणाली.

"तू बोलू नकोस."

"बोलते. मला काय शिक्षा द्यायची ती दे, जल्मभर बोलू नकोस माझ्याशी. पर तिला ने. तिला दुसरं नको हाय. एकदा मी तिच्या पोटाचं माझ्या मनानं ठरवलं. आता तू ठरवू नकोस."

श्याम उठून आत गेला. आतून दोघांचं हळू बोलणं, मग नुसतं त्याचं रडणं ऐकू आलं. विमलाबाईने पोराचं रडणं ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात बायकांची रांग होती. पूर्णिमाला हिरवा झगा दिला होता, हातातल्या बांगड्या काढून श्यामच्या खिशात होत्या. आत जाण्याआधी तिने सृष्टीला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि एक कापडी पिशवी पुढे केली. आत उकळलेल्या पाण्याची बाटली, साबण, स्वच्छ फडकी आणि डब्यात गुंडाळलेली बारीक नळी होती. पोरीला लघवीचंही कळत नव्हतं. दर तीन तासांनी नळी घालून ती काढावी लागे, नाही तर आत विष होतं. हे दीड वर्ष एकटी पूर्णिमा करत आली होती.

"साडेदहाला करायचं. मी शुद्धीवर नसंन," ती म्हणाली. "हात दोनदा धुवायचं. जोर लावायचा न्हाई. आत गेली की आपसूक येतं."

"मला... श्यामला सांग की गं."

"श्यामला जमत न्हाई. तुमी करा."

दार बंद झालं. श्याम खिडकीशी जाऊन उभा राहिला, आईकडे पाठ करून. साडेदहा वाजले तेव्हा विमलाबाईने बायकांच्या खोलीत एका बाकावर फडकं अंथरलं, पोरीला निजवलं, हात दोनदा धुतले आणि तिसऱ्यांदाही धुतले. अकरा म्हशींच्या धारा काढलेले ते हात होते, अडलेलं रेडकू आतून ओढून काढलेले. तिने आयुष्यात पहिल्यांदा नातीचे दोन्ही पाय हातात घेतले. ते थंड होते आणि फार मऊ होते. कुठेच वापरले गेले नव्हते.

सृष्टी तिच्या तोंडाकडे बघत होती. "आजी," ती म्हणाली आणि हात वर करून आजीचे ओले गाल चापटू लागली.

"गप पड, माझी बाई," विमलाबाई म्हणाली, आणि तिने नळी घातली. पोरीला काहीच कळलं नाही. ती हसतच होती.